श्रावणापुरत्या गोळ्या

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥
औंढा नागनाथ
६ ऑगस्ट १९९६

प्रिय इशरत,

आफिफाला दात आले का? तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सासूबाईंच्या मोतीबिंदूचं निघालं होतं. आता बऱ्या आहेत, पण चुलीजवळ बसवत नाही.

कामाचं आधी लिहिते. १५ तारखेपासून श्रावण आहे. मागच्या दोन वर्षांसारख्या यंदाही महिनाभराच्या गोळ्या इनायतभाईंच्या मेडिकलमधून पाठव. धर्मसिंग कंडक्टर रोज हिंगोली-औंढा गाडीवर असतो, त्याच्याजवळ पुडी दिलीस तर तो दुकानावर देतो. वरून कापड शिवून दे. मी यांना सांगितलंय की इशरत भरतकामाचे दोरे पाठवते. पुरुषमाणसाला असल्या गोष्टी काय सांगायच्या. सासूबाईंना मात्र माहीत आहे, पहिल्या साली त्यांनीच सुचवलं होतं.

श्रावणात आमच्या प्रसादाच्या दुकानाला फुरसत नसते. वाती मी वळते, बत्ताशाच्या पुड्या मी बांधते, बेलाच्या जुड्या मी लावते. अडचण आली की चार दिवस मागच्या खोलीत बसायचं, देवाच्या सामानाला आणि चुलीला हात लावायचा नाही. मग शेजारच्या चतुराबाईला बोलवावं लागतं, आणि ती वाती कमी वळते, बोलते जास्त.

पोटाचं जुनंच आहे. पण एक गंमत सांगते. माझ्या हिशेबाच्या वहीची मागची पानं मी यासाठी ठेवली आहेत. अडचणीच्या दिवशी ‘अ’ लिहिते, पोट-कंबर दुखली त्या दिवशी टिंब देते. एरवी महिन्यात दहा-बारा टिंबं होतात. गेले दोन श्रावण मात्र एकही नाही. महिनाभर रोज पहाटे गाभाऱ्यात उतरते त्याचं हे फळ. त्या पानांवर मी ‘नागनाथाची कृपा’ असं लिहून ठेवलंय. आता त्याने दुसरीही कृपा करावी. लग्नाला पाच वर्षं झाली.

तुझी,
कुशावर्ता

*

हिंगोली
१० ऑगस्ट १९९६

कुशा,

तुला सलाम आणि सासूबाईंना नमस्कार.

गोळ्या पाठवल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवल्यावर. चुकवू नको. घरात विचारलं तर दोरे हिरवे होते म्हणून सांग.

इनायत विचारत होते, एवढ्या गोळ्या कुणाला, डॉक्टरची चिठ्ठी कुठाय. मी म्हटलं, नागनाथाची चिठ्ठी आहे. ते हसले आणि गल्ल्यावर जाऊन बसले. मी स्वतः रमजानमध्ये ह्याच घेते. सासू सगळ्यांना सांगते, आमच्या सुनेचे तीस रोजे बराबर पूर्ण होतात, अल्लाची मेहर आहे. मी खाली मान घालून खजूर वाटते. म्हणजे तुझ्यात-माझ्यात फरक एवढाच, की मला माहीत असतं मेहर कोणत्या खणात ठेवलीय.

मस्करी पुरे. ‘पोटाचं जुनंच’ म्हणजे काय ते नीट लिही. हट्ट्याच्या शाळेत मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरला तू बाकावर दुमडून बसली होतीस. मला वाटलं तुला काही येत नाही, म्हणून मी माझा पेपर तुझ्याकडे सरकवला, आणि मास्तरांनी मलाच उभं केलं. तेच दुखणं अजून आहे का? दहा वर्षं?

आफिफाला चार दात आलेत. चौघांनीही मला चावून झालं आहे.

इशरत

*

औंढा नागनाथ
१२ जुलै १९९८

प्रिय इशरत,

या श्रावणात गोळ्या पाठवू नकोस. आता गरज नाही. पुढेही पाठवू नकोस. मागच्या चार वर्षांत तू पाठवल्यास, त्याबद्दल तुझी आभारी आहे. कारण विचारू नकोस. नागनाथाच्या मनात असेल तसं होईल.

दोन ओळीच लिहिते आहे, पोटात बरं नाही.

कुशावर्ता

*

हिंगोली
२० जुलै १९९८

कुशे,

कारण विचारू नको म्हणतेस, पण मला काय कळत नाही होय? गोळ्यांची गरज नाही, पोटात बरं नाही, आणि पुढेही नको. दोन लेकरं झालीत मला, एवढं कळतं. तीन महिने पूर्ण होईस्तोवर बोलू नये असं तुमच्याकडेही असतं, म्हणून मी तोंड बंद ठेवते. पण हात बंद राहिला नाही. आफिफाच्या पिवळ्या फ्रॉकचं कापड उरलं होतं, त्याचं टोपडं शिवलंय. माप हाताच्या मुठीवर घेतलंय. धर्मसिंगजवळ दिलंय.

आंबट खावंसं वाटलं तर खा, कुणाचं ऐकू नको. अमृतदाजींना सांग, इशरत बारशाला येणार आणि नाव मोठ्याने घेणार.

इशरत

*

औंढा नागनाथ
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय इशरत,

टोपडं पोचलं होतं. पोच द्यायला सोळा महिने लागले. मध्ये तुझी तीन पत्रं आली, ती मी जपून ठेवली आहेत, पण उत्तर लिहायला बसले की काय लिहू ते सुचेना. आता सगळं सांगते.

मी पोटुशी नव्हते. त्या उन्हाळ्यात चतुराबाईने सासूबाईंना सांगितलं, की पाळी लांबवायच्या गोळ्यांनी गर्भपिशवी सुकते, तिच्या भाच्याच्या बायकोचं तसंच झालं. सासूबाईंनी मला हाताला धरून नागनाथापुढे नेलं आणि शपथ घ्यायला लावली, की यापुढे त्या गोळ्यांना हात लावणार नाही. मी घेतली. पहिल्या साली गोळ्या कुणी सुचवल्या हे त्यांना आठवलं नाही आणि मी आठवण दिली नाही. शपथ घेतल्यावर तुला ते दोन ओळींचं पत्र लिहिलं.

तुझी पुडी दुकानात सासूबाईंच्या हाती लागली. शिवण उसवून बघतात तर टोपडं. त्यांना वाटलं, मी त्यांच्यापासून लपवलं आणि मैत्रिणीला सांगितलं. राग आला, पण आनंद जास्त झाला. दुकानातलीच साखर घेऊन त्यांनी गल्लीत वाटली. मी नदीवरून धुणं घेऊन आले तर चतुराबाई माझ्या डोक्यावरची पाटी उतरवून घ्यायला धावली. संध्याकाळी मला सांगावं लागलं, की तसं काही नाही. सासूबाई अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आता यांच्यासाठी सेनगावची एक मुलगी बघून ठेवली आहे म्हणतात. हे ‘हो’ म्हणत नाहीत, ‘नाही’ही म्हणत नाहीत.

तुझी चूक नाही. तू आपुलकीनेच केलंस.

पोटाचं तू विचारलं होतंस. लहानपणापासून आहे, पण आता वाढलं आहे. महिन्यात अठरा-वीस टिंबं होतात. अडचणीच्या दिवसांत उलट्या होतात, शौचाला बसताना आतून सुरी फिरल्यासारखं होतं. नवरा-बायकोतलंही अवघड झालं आहे, त्याहून जास्त कागदावर लिहिवत नाही. गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी अपेंडिक्स काढलं. दुखणं तसंच. दुसऱ्यांनी सांगितलं, लेकरू झालं की आपोआप थांबेल.

मागच्या खोलीत मी चार दिवस पडून असते. सासूबाई उंबऱ्यावरून ताट सरकवतात. तिथे कुणी येत नाही, त्यामुळे कण्हलं तरी चालतं. याच खोलीत बाळंतिणीची बाज आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दाखवली होती: हे याच बाजेवर जन्मले, माझीही लेकरं इथेच होतील म्हणून. चार दिवस त्या बाजेवर झोपायची मला मनाई आहे, मी खाली सतरंजीवर असते आणि ती समोर असते.

इशरत, एकच विचारते आणि तू खरं सांग. गोळ्यांनीच झालं का हे?

कुशावर्ता

*

हिंगोली
३ डिसेंबर १९९९

कुशा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. टोपड्याचं वाचून मी ओढणी तोंडावर घेऊन बसले. मुलं विचारत होती, अम्मी काय झालं.

शेवटचा प्रश्न वाचून उत्तर द्यायची हिंमत झाली नाही, कारण दीड वर्ष मी तोच प्रश्न घेऊन बसले आहे. तू कळवणं बंद केलंस तेव्हाच मला शंका आली होती. चिठ्ठीशिवाय गोळ्या मी दिल्या. इनायतना हसून गप्प केलं मी. तुझं काही वाईट झालं असेल तर ते माझ्या हाताने झालं, असं वाटायचं. म्हणून तिन्ही पत्रांत मी फक्त आफिफाचे किस्से लिहिले.

नांदेडच्या एक डॉक्टरीणबाई दर गुरुवारी आमच्या मेडिकलशेजारी बसतात. मी नंबर लावून गेले. मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्याच. म्हणाल्या, विचारल्याशिवाय महिना-महिना गोळ्या खायच्या असतात का, हे काय चिवडा आहे का. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, या गोळ्यांनी मूल होणं कायमचं बंद होत नाही. पिशवी सुकत नाही. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. गोळ्यांनी नाही झालं, कुशा.

मग तुझं दुखणं सांगितलं. शौचाचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, तिला नांदेडला माझ्याकडे घेऊन या. ती वही सोबत आणायला सांगितलीय. आणि दाजींना. ते आले नाहीत तर मला कळव, मी बुरखा घालून औंढ्याच्या स्टँडवर उभी राहीन आणि तुझ्या सासूसमोरून तुला घेऊन जाईन.

इशरत

*

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥
औंढा नागनाथ
५ मे २०००

प्रिय इशरत,

तुला यावं लागलं नाही. तुझं पत्र मी यांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी यांनी दुकान कोंडीबा हमालावर सोपवून मला नांदेडच्या गाडीत बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि नंतर यांनाच विचारलं, “त्या चार दिवसांत यांना किती त्रास होतो?”

हे म्हणाले, “असंल थोडा.”

“उलट्या किती वेळा?”

यांनी माझ्याकडे बघितलं.

“मोरीपर्यंत चालत जातात की रांगत?”

हे म्हणाले, “मला म्हाईत न्हाई, बाई. आमी त्या खोलीत जात न्हाई.”

नऊ वर्षं एका घरात राहतो, इशरत. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं. शिवायचं नाही म्हणून कुणी जवळ आलं नाही, आणि जवळ आलं नाही म्हणून कुणाला दिसलं नाही.

मग बाईंनी वही मागितली. पुढची पानं बघून म्हणाल्या, तेल फार कमी वापरता. मागची पानं लावून लावून बघितली. चार श्रावण कोरे आणि पुढचे दोन टिंबांनी भरलेले. ‘नागनाथाची कृपा’ यावर बोट ठेवून विचारलं, या महिन्यात काय घेत होता. हे शेजारी होते. मी सांगितलं. यांना तेव्हा कळलं, की दोरे कसले होते. बाई मला रागावल्या नाहीत, तुलाच बोलून झालं असेल. त्यांनी एवढंच सांगितलं, की दुखणं त्या गोळ्यांनी दबलं होतं.

फेब्रुवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. रोगाचं नाव एंडोमेट्रिओसिस. मी वहीत लिहून घेतलं. पिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर. पाळीत पिशवीतलं रक्त बाहेर जातं, याला वाट नसते. ते आतच साचतं आणि एकाला एक चिकटवून टाकतं. डाव्या बाजूला चॉकलेटी रक्ताची लिंबाएवढी गाठ होती, ती काढली. एक नळी बंद आहे. दुसरी चिकटलेली होती, ती सोडवली. कुणाच्या करणीचं नाही, माझ्या कर्माचं नाही असं बाई म्हणाल्या. पहिलं मी मानलं, दुसऱ्याचा विचार करते आहे.

आता मुद्द्याचं. बाई म्हणाल्या, गोळ्या रोज घेतल्या तर दुखणं बरंचसं दबून राहील, पण घेत आहात तोवर दिवस राहणार नाहीत. गोळ्या नाही घेतल्या तर दिवस राहायची थोडी आशा आहे, पण दुखणं परत येईल. दोन्ही एका वेळी मिळायचं नाही. वय तीस आहे, दोन-तीन वर्षं वाट बघून पाहा. मी म्हटलं, वाट बघते. दुखण्याची सवय आहे.

परतताना वसमतला गाडी थांबली. यांनी मला चहा आणून दिला आणि म्हणाले, “सेनगावला निरोप धाडतो. न्हाई म्हणून.” मग स्वतःचा चहा प्यायले.

एक गोष्ट मनाला लागली आहे. चार वर्षं मी समजत होते, की ती कृपा होती.

कुशावर्ता

*

हिंगोली
१६ मे २०००

कुशा,

तू बरी आहेस हे वाचून मी दोन रकात नमाज जास्त पढले. चिवड्याचं बोलणं तुझ्या वाट्याला आलं नाही म्हणजे माझ्या एकटीच्याच वाट्याला, चालेल.

कृपेचं म्हणशील तर असं समज, की तुझ्या देवाने माल माझ्या दुकानातून मागवला. त्यालाही कुठून तरी मागवावाच लागतो ना.

वाट बघ. पण दुखलं तर यावेळी मोठ्याने कण्ह.

इशरत

*

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥
औंढा नागनाथ
११ जुलै २००४

प्रिय इशरत,

कामाचं आधी लिहिते. सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आहे. त्याप्रमाणे तीन महिन्यांच्या गोळ्या दे. पुढच्या तीन महिन्यांच्या तेव्हा मागवीन, आणि मग त्याच्या पुढच्या. यंदा अधिक श्रावण आहे, श्रावण दोन महिन्यांचा, पण तो संपल्यावरही घ्यायच्या आहेत. पुडीला कापड शिवू नकोस. हे स्वतः स्टँडवर जाऊन धर्मसिंगकडून घेणार आहेत.

चार वर्षांत मी तुला दिवाळी-ईदेची कार्डंच टाकली. एक गोष्ट त्यात लिहिली नाही. २००२ च्या चैत्रात माझे दिवस वर गेले. फक्त यांना सांगितलं. सासूबाईंना सांगितलं नाही, साखर वाटतील म्हणून. तुलाही सांगितलं नाही, त्याचं कारण तुला माहीत आहे. टोपडं पेटीतून काढून बघितलं आणि परत ठेवलं. सत्तेचाळिसाव्या दिवशी गेलं. त्यानंतर दुखणं हळूहळू पहिल्यासारखं झालं आणि गेल्या वर्षी पहिल्याहून जास्त. नांदेडला तीन खेपा झाल्या. डाव्या बाजूला परत गाठ आहे.

यांच्याविषयी लिहायला हवं. नांदेडहून आल्यावर पहिल्याच अडचणीत भर दुपारी दुकान बंद करून हे गरम पाण्याची पिशवी घेऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी आले. सासूबाई ओरडल्या, “अमृता, आत जाऊ नको, तुला देवाच्या सामानात बसायचंय.” हे आत आले. पिशवी माझ्या कमरेला लावली, बाहेर जाऊन अंघोळ केली आणि दुकानावर गेले. वर्षभर प्रत्येक वेळी अंघोळ करायचे. मग नुसते हातपाय धुवायला लागले. मग तेही राहिलं. ज्या दिवशी मला पेन धरवत नसे, त्या दिवशी टिंब हेच देत. माझी टिंबं बारीक आहेत, यांची तुरीच्या दाण्याएवढी. वही बघितली तर लगेच कळतं, कोणता दिवस किती वाईट होता.

या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत बहुतेक टिंबं यांचीच आहेत. मे संपला त्या दिवशी यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “बस झालं, कुशा. मला लेकरू नको. तू पायजे.”

मी लगेच हो म्हटलं नाही. आठ दिवस घेतले. तेरा वर्षं एकच गोष्ट मागत होते, ती मागणं आपल्याच हाताने बंद करायचं होतं. शिवाय शपथेचं होतं. गाभाऱ्यात उतरायच्या त्या अरुंद पायऱ्या मला वाकून उतरवत नाहीत, तरी यांच्या आधाराने उतरले. नागनाथाला सांगितलं, शपथ मोडते आहे, अर्धवट माहितीवर घेतली होती. नारळ फोडला. तिथे दुसरं काही घडलं नाही. वर आले, अंगणात बसले, आणि नांदेडला जायचं ठरवलं.

सासूबाईंना मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आमालाबी दुखायचं. आमी कुठं वह्या भरल्या.” मी म्हटलं, भरायला पाहिजे होत्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “लई दुखतं का गं?” तेरा वर्षांत त्या मला हे पहिल्यांदा विचारत होत्या. मी हो म्हटलं.

महिनाभराच्या गोळ्या नांदेडहूनच आणल्या होत्या, त्या सुरू करून चार आठवडे झाले. पहिले काही दिवस मळमळलं. गेल्या नऊ दिवसांत टिंब नाही. त्या पानावर यावेळी काय लिहू ते ठरलं नाही. तू मालाचं म्हणाली होतीस, तसंच काही लिहीन.

अडचण आता येणार नाही म्हटल्यावर मागची खोली रिकामीच आहे. अधिकाचा नारळ परवा आला. दुकानामागचं छप्पर गळतं. सासूबाईंनी कोंडीबाला सांगितलं, पोती मागच्या खोलीत टाक, रिकामी काहून ठेवायची. कोंडीबा बाजेपाशी थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, “तिच्यावरच ठेव. खाली ओल हाय.”

मी बाजूला उभी राहून पोती मोजून घेतली. टोपडं पेटीत आहे, परत मागू नकोस. बाजेवर चार पोती बसली, बाकीची खाली.

तुझी,
कुशा